उग्रभान विहिरीतच आहे

९ डिसेंबर २००९, बुधवार
गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमधली एक सकाळ. मी पोळ्या लाटतेय, हे पाटावर बसून गुडघ्यावर पॅड घेऊन लिहिताहेत. मान वर न करता विचारलं, "चेटकिणीचे डोळे कोणत्या रंगाचे करू गं?" मी म्हटलं, हिरवे करा, मांजरीसारखे. तेवढ्यात पोळी करपली. करपलेली यांनी स्वतःच्या ताटात घेतली आणि विखारा राणीचे डोळे कायमचे हिरवे झाले. एवढंच. पण आज दिवसभर, इथे गावच्या घरात, तेच आठवतंय.

कारण नागपूरहून केशोरावांचा फोन. यांच्या सगळ्या पॉकेट बुकांचे प्रकाशक. खड्गवीर उग्रभान, त्याची तलवार नागजिव्हा, त्याचा घोडा भोंगा. स्टेशनवर आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत ही पुस्तकं शेंगदाण्यासारखी खपायची. यांना जाऊन वर्ष झालं. शेवटचं पुस्तक अर्धं राहिलं. विखारानं उग्रभानला आटलेल्या विहिरीत टाकलंय आणि तो तिथेच आहे.

केशोराव म्हणाले, ते पुस्तक गोंदियाचा श्यामलाल पुरं करतोय. या वर्षात त्यानं उग्रभानची दोन पुस्तकं लिहिलीच आहेत. मी वाचलीत. त्यांत उग्रभान मोहाची दारू पितो आणि राजाला "अबे" म्हणतो. आता श्यामलाल त्याला विहिरीतच मारणार आणि त्याच्या मुलाची नवी मालिका काढणार.

मी म्हटलं, पुस्तक मी लिहीन. ते म्हणाले, ३१ जानेवारीपर्यंत द्या. नाहीतर श्यामलाल.

निश्चय: रोज चार पानं. काहीच कठीण नाही. इतकी वर्षं प्रत्येक पान आधी मीच वाचलं आहे. उग्रभान मरणार नाही.

११ डिसेंबर
सुरुवात केली. शीर्षक लिहिलं. अधोरेखित केलं. इतक्यात बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान छपरावरून गेलं आणि पेन पलंगाखाली गेलं. पलंगाखाली अंधार होता. पेन उद्या काढू.

भीती नव्हे. गुडघे.

१४ डिसेंबर
कामाला येणाऱ्या रुख्मानं झाडताना पेन काढून दिलं. दोन पानं झाली! उग्रभान काल दुपारपासून उपाशी आहे हे माझ्या लक्षात आलं. उपाशी माणसानं लढायचं कसं? वरून जाणाऱ्या एका बाईनं टोपली सोडली. भात, वरण, वांग्याची भाजी. तो पोटभर जेवला. उद्या विखारा.

१५ डिसेंबर
विखारा आली नाही. हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारतं, आणि अशा वेळी तिला आणणं बरं नाही. यापुढे विखारा फक्त सकाळी लिहायची, रुख्मा स्वयंपाकघरात असताना. आपल्या घरात भूत-चेटूक कुणी मानत नाही. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. दिवा मी डासांसाठी चालू ठेवते.

१८ डिसेंबर
श्यामलाल स्वतः आला, मोटरसायकलवर, पेढ्यांचा डबा घेऊन. पाया पडला. म्हणाला, देवीदासजी हमारे गुरू थे. मग म्हणाला, "भाभीजी, टेन्शन मत लो. सबको एक दिन मरना है, उग्रभान को भी." मी त्याला बिनसाखरेचा चहा दिला. तो तोही आवडीनं प्यायला.

माझी पानं मागून घेतली, उभ्यानं वाचली. म्हणाला, खाना बहुत अच्छा बनाया है. "लेकिन मंत्र कहाँ है, भाभीजी? बिना मंत्र की जादूगरनी, बिना नमक की दाल."

उद्धट माणूस. मात्र मंत्र घालायला हवेत.

२१ डिसेंबर
यांच्या मंत्रांची युक्ती मला ठाऊक आहे. छोट्या रेल्वे लाइनीवरची स्टेशनं उलटी म्हणायची. टघालाबा! टामला! रपूननै! बालाघाट, लामटा, नैनपूर. जन्मभर त्या लाइनीची पार्सलं चढवली, मंत्र बाहेरून कशाला आणायचे, असं म्हणायचे.

मंत्र मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला एलोक्यूशन शिकवायच्या. "फ्रॉम द स्टमक, गर्ल्स!" तसंच पोटातून म्हटलं. खिडकी उघडी ठेवली होती, एकटीनं बंद खोलीत म्हणायला बरं वाटेना. माझाच आवाज ऐकून अंगावर काटा आला. अप्रतिम.

२४ डिसेंबर
रोज सकाळी अर्धा तास मंत्र. विखाराचं हसणंही जमायला लागलं.

गल्ली किती शांत झाली! शेजारच्या कवडूची मुलं आमच्या भिंतीवर चेंडू मारायची, ती आता पार कोपऱ्यापलीकडे खेळतात. लेखिकेचं काम सुरू आहे हे गावाला कळतं. असा मान शहरात मिळत नाही.

२८ डिसेंबर
रुख्मा चार दिवस आली नाही. कंबर दुखते, असा निरोप. कंबर दुखणारी बाई पाण्याच्या टाकीवर दोन हंडे घेऊन दिसली. मला पाहून एक हंडा तिथेच टाकून गेली.

फाटकापाशी कुणीतरी लिंबू ठेवून गेलं. सोबत मिरच्या. वाचकाचं प्रेम! शेंदूर लागला होता तो धुतला, टाचणी काढली, सरबत केलं आणि उन्हात, ओट्यावर बसून प्यायले. समोरच्या घराचं दार धाडकन लागलं. वारा नव्हता.

२ जानेवारी २०१०
नवं वर्ष. निश्चय: रोज आठ पानं.

कवडू आला. फाटकाच्या बाहेरच, हात जोडून. त्याची म्हैस दूध देत नाही म्हणे. "बाई, आमचं काई चुकलं असंल तं माफ करा. पोट्टे हायेत, चेंडू मारतेत." मी म्हटलं, अरे, मी केव्हाच माफ केलं, आणि म्हशीचंही होईल ठीक. हे ऐकून त्याचा चेहराच पांढरा पडला. चप्पल हातात घेऊन पळाला.

साधी माणसं. कौतुकानं लाजतात.

७ जानेवारी
थंडी फार. विहिरीत तर किती असेल! उग्रभानला स्वेटर दिला, बिनबाह्यांचा, तपकिरी. त्याला खोकला झालाय. आल्याचा चहा खाली सोडला. त्यानं चष्मा शोधला, तो त्याच्या कपाळावरच होता.

विखारा काठावर येऊन उभी आहे. तिला फक्त खाली वाकून बघायचं आहे, एक वाक्य. ते वाक्य लिहायला घेतलं की मी पेनाचं टोपण लावून टाकते. तिला सोमवारी ये म्हटलं.

११ जानेवारी, सोमवार
विखारा नाही आली. संघदीप आला. माझ्या बहिणीचा मुलगा, चिचगडला शाळामास्तर आहे. बूट न काढता आत आला, दार लावून घेतलं. म्हणाला, मावशी, तुम्हाला काही माहीत आहे का गावात काय चालू आहे? मी म्हटलं, माझ्या पुस्तकाची उत्सुकता आहे.

मग त्यानं सांगितलं. "लोक म्हणून रायले का तुमी करणी करता. सकाळी मंत्र म्हनता, हासता. कवडूच्या म्हशीचं दूध बांधलं. लिंबू उतरवून ठेवला, तं तुमी प्याल्या म्हने!"

मी म्हटलं, सरबत होतं.

तो हसला नाही. मीही नाही. पेपरात अशा एकट्या बायकांचं काय होतं ते मी वाचते. नेहमी वाटायचं, ते दूर कुठेतरी. संघदीप गेल्यावर कडी लावली. मग कडीला खुर्ची. मग खुर्चीवर गव्हाची कोठी ठेवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही.

हे असते तर बाहेर ओट्यावर जाऊन बसले असते. कवडूला तंबाखू मागितली असती. संपलं असतं सगळं.

१२ जानेवारी
एक ओळ नाही. खिडकी बंद. कुजबुजतही मंत्र नाही. पाऊल वाजलं की कडी पुन्हा तपासते. दुपारी कुणीतरी फाटक हलवलं. शेळी होती. शेळीला मी हळूच "कोण आहे?" विचारलं.

विखाराला भिणारी मी. आणि गाव मला भीत होतं. सिस्टर बेनेडिक्टांनी एलोक्यूशनला मला शंभरपैकी नव्वद दिले होते, आज वाटतं चाळीस द्यायला हवे होते.

१४ जानेवारी
पोलीस पाटील दुधराम आले. बाहेरूनच बोलले, पण नीट बोलले. "लोक भडकून रायले, बाई. म्या थांबवलं हाय. इतवारी सकाळी विहारासमोर या, काय आसंल ते सगळ्यायच्या समोर सांगा. मी हाय." संघदीप त्यांच्यासोबत होता. म्हणाला, सांगायचं कशाला, पुस्तकच वाचून दाखवा. मंत्रासकट.

मी म्हटलं, माझा घसा बसलाय. बसलेलाच आहे. आवाज निघत नाही.

नागपूरला माझी मैत्रीण राहते. तिच्याकडे जाऊन राहावं का? पण मग सगळे म्हणतील, पाहा, पळाली. आणि उग्रभान? बॅगेत घालून नेता येईल. पण मंत्र इथेच राहतील, माझ्या नावावर.

१७ जानेवारी, रविवार
गेले. पांढरी साडी नेसले, मग भीती वाटली की पांढरी नको, निळी नेसले.

सगळं गाव. बाया एका बाजूला, रुख्मा सगळ्यांत मागं. कवडू म्हशीसारखा मान खाली घालून. मी पहिला मंत्र वाचला तो पोटातून नव्हे, नाकातून निघाला. कुणीतरी लेकराला पदराखाली घेतलं. तेव्हा संघदीप उभा राहिला. म्हणाला, हे शब्द उलटे वाचा. विहाराच्या फळ्यावर टघालाबा लिहिलं आणि खाली बालाघाट. टामला, लामटा. मग एक पोट्टा ओरडला, "मंग आपलं गाव ठामका!" दुसरा, "अन् गोंदिया यादिगों!" हसू इकडून तिकडे गेलं. कवडू म्हणाला, "म्हंजे माही म्हैस बालाघाटानं बंद पाडली का?" पाटील म्हणाले, "तुही म्हैस गाभण हाय बे, दूध कुटून देईन?"

मी तेव्हा खाली बसले. आधी नाही, तेव्हा.

पुस्तक पुढं वाचा म्हणाले. वाचलं. वाचन अत्यंत यशस्वी झालं. काही श्रोते डोळे मिटून ऐकत होते. कवडू घोरत होता. जेवणाच्या चौथ्या प्रसंगाला एक म्हातारा म्हणाला, "हा तं जेवूनच रायला. लढते कवा?" पाचव्याला बायांनी भाजीत काय काय घातलं ते विचारलं. मग स्वेटर आला, खोकला आला, कपाळावरचा चष्मा आला. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अबे, हा तं देवीदासबाबू होय!"

सगळे हसले. खूप हसले, प्रेमानं हसले. कुणी म्हणालं, असाच शिंकायचा. कुणी म्हणालं, चष्मा नेहमी कपाळावर. मी पानं खाली ठेवली.

रुख्मा पुढं आली. म्हणाली, "बाई, काऊन ठेवून रायल्या त्याले हिरीत? वर काढा नं." मी म्हटलं, वर विखारा आहे. ती म्हणाली, "असू दे नं. गडी हाय तो, का कायमचा हिरीत राहीन?"

मी पानं पुन्हा उचलली आणि त्यांचे कोपरे जुळवत बसले.

१८ जानेवारी
रुख्मा कामावर आली. कंबर बरी आहे म्हणे. भिंतीवर चेंडू पुन्हा सुरू. फार त्रास होतो, एकाग्रता होत नाही.

निश्चय: आज उग्रभानला वर काढायचं. दोर सोडला. त्यानं दोर धरला. इथपर्यंत आले आणि त्याला संध्याकाळचा चहा दिला.

२४ जानेवारी
दोर अजून तसाच.

२९ जानेवारी, सकाळ
केशोरावांना फोन केला. म्हटलं, पुस्तक लिहून तयार आहे, फक्त उग्रभान अजून विहिरीत आहे. ते म्हणाले, म्हणजे तिथेच जिथे देवीदासनं सोडला होता? मी म्हटलं, नाही, आता त्याच्या अंगात स्वेटर आहे.

मग श्यामलालला बोलावलं. चहात साखर घातली. त्याला सगळं दिलं. लक्षात राहावं म्हणून लिहून ठेवतेय, कुणाला काय.

उग्रभान श्यामलालला. दोर मी सोडलेला आहे, त्यानं फक्त ओढायचा. पुढं मारायचाच असेल तर मारावा, पण उजेडात, मोकळ्यावर, उभा असताना. आजारानं नाही. खाटेवर नाही. श्यामलाल म्हणाला, "वादा, भाभीजी." मी त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

नागजिव्हा तलवार उग्रभानच्या मुलाला, नव्या मालिकेत. मुलाला मोहाची बंद.

भोंगा घोडा कोणत्याही पुस्तकात मरणार नाही. कवडूच्या पोट्ट्यांनी तेवढंच मागितलं.

मंत्र गावाकडे राहू देत. पोरं आता येताजाता म्हणतातच.

यांचं लिहायचं पॅड संघदीपला. त्याच्या शाळेतल्या एखाद्या मुलाच्या गुडघ्यावर ते नीट बसेल.

विखारा कुणालाही द्या. मी तिला बघणार नाही.

स्वेटर, चष्मा आणि खोकला हे उग्रभानचे नव्हते. ती पानं मी गठ्ठ्यातून काढून घेतली आहेत. श्यामलालनं शोधू नयेत. ती माझ्याकडे.