दादाच्या नावापुढचा हिरवा ठिपका

चिमे,

मी दादाच्या खोलीवर निघालेय. घरमालकाला खोली आजच रिकामी हवीय; माणूस गेल्याचं त्याला सोयरसुतक नाही. तिथला दादाचा कॉम्प्युटर चालू आहे तोवरच त्याचे फोटो आणि व्हिडिओ आपल्याकडे उतरतील. एकदा बंद पडला की संपलं, पासवर्ड तो कोणालाच सांगून गेला नाही.

महिन्याचा डेटा संपला म्हणून कंपनीने नेटचा गळा आवळलाय. तेव्हा तुझी मालिका आज बंद, आणि फोन वायफायवरून काढ. फोटो उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोडची मर्यादा मी पाचवर ठेवलीय. तिथे पुन्हा शून्य घालू नकोस. या सॉफ्टवेअरला शून्य म्हणजे मोकळं रान वाटतं, मग सगळं नेट अपलोडच खातं. कालची दुपार त्यातच गेली. तरी मी तुला तेवढं बोलायला नको होतं.

आपल्या स्क्रीनवर दादाच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो, तो फक्त त्याचा कॉम्प्युटर जोडलेला असल्याचा. आई सकाळपासून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलीय. तिला समजावत बसू नकोस, चहा तिथेच नेऊन दे.

संध्याकाळी मला वायर काढावीच लागेल, उतरलं तेवढं आपलं. काढायच्या आधी तुला फोन करीन. तेव्हा काहीतरी निमित्त काढून आईला स्वयंपाकघरात ने.

ताई