काळकुसळीचे एकोणतीस ठोंब

खांडबारा,
१८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आईंना,

रुचिका पायांवर डोकं ठेवते. टाके निघाले, काठी धरून गॅलरीपर्यंत चालता, असं मोहिनीताई म्हणाल्या. सुरतेला लेकीकडे तुमचं नीट चाललंय, हे ऐकून बरं वाटलं. इकडे म्हैस व्यायली, पारडी झाली. यांचा खोकला गेला.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एकेक लावत तुम्ही स्वतःच वाचा. आईला काळजीचं काही सांगायचं नाही, अशी ताईंनी मला ताकीद दिली आहे. तुम्ही फोनवर रोज विचारता, "काळकुसळी कशी शे वं?" मी म्हणते, "चांगली शे, आई." गेले अकरा दिवस मी खोटं बोलतेय.

नाल्याकडच्या खाचरात काळकुसळीवर खोडकिडा दिसला. त्या भातात तुम्ही कधी फवारणीचा पंप शिरू दिला नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही नसताना माझ्या हातून पीक जायला नको, म्हणून निंबोळी अर्क मारायला शेजारच्या लोटनभाऊंचा पंप मागून आणला. तळाशी थोडं पाणी होतं. पावसाचं असेल, असं समजून मी पंप धुतला नाही.

चौथ्या दिवशी शेंडे पिवळे पडले. लोटनभाऊ पाहायला आले आणि बांधावरच खाली बसले. "वहिनी, त्यामा तणनाशक व्हतं ना!"

सगळं खाचर वाळलं, आई. नाल्याच्या बांधाला तेवढे एकोणतीस ठोंब हिरवे आहेत. तिथे पोचेपर्यंत पंप रिकामा झाला होता. रोज सकाळी जाते आणि मोजते. रोज वाटतं, आज अठ्ठावीस निघतील.

तुम्ही म्हणाल, मडक्यातलं राखीव बी आहे ना.

मडकं रिकामं आहे. नागपंचमीला माझे वडील आले होते. त्यांना त्या भाताचा वास फार आवडतो, म्हणून मी बी कांडून शिजवलं. खाचर तेव्हा हिरवंगार होतं. वाटलं, दिवाळीपर्यंत मडकं पुन्हा भरेल. यांनाही सांगितलं नाही.

हे बी तुम्ही माहेरून आणलंत आणि कधी कुणाला दिलं नाहीत. आता ते दुसरीकडे कुठेच नाही. मला फार भीती वाटतेय. काय करू, सांगा.

रुचिका


खांडबारा,
१० नोव्हेंबर २०२४

आई,

पत्र वाचून तुम्ही फोन केलात. बोलणी खायची तयारी ठेवून मी कानाला लावला.  तुम्ही एवढंच म्हणालात, "त्या ठोंबांवर पाखरू बसू देऊ नको." त्यानंतर आजवर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. फोन ताईच घेतात.

मी ठोंबांवर मच्छरदाणी ताणली आणि दिवसभर तिथेच बसू लागले. दोन ठोंब तरीही वाळले, एक उंदरानं कुरतडला. दसऱ्यानंतर पाऊस कोसळला, तेव्हा मी आणि हे ताडपत्रीची टोकं धरून दोन तास उभे होतो. तेव्हाच मी यांना मडक्याचं सांगितलं. यांनी हातातलं टोक सोडलं नाही.

सव्वीस ठोंब कापले, हातानंच मळले. कुसळं काळीभोर आहेत. अडीच ओंजळी बी निघालं.

आता खरं सांगायचं ते. मडक्यात एकच ओंजळ आहे. एक मी लोटनभाऊंच्या बायकोला, तुळशीबाईंना दिली. अर्धी माहेरी पाठवली. आपण काय खाल्लं हे वडिलांना कळलं, तेव्हापासून ते विहिरीजवळचा वाफा राखून बसलेत.

बी घराबाहेर गेलं की आपलं राहत नाही, असं तुम्ही म्हणता. म्हणून मी विचारलंच नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मग मला धीर झाला नसता. पण पुन्हा माझ्या हातून काही झालं तर? एका मडक्याच्या भरवशावर राहायची मला आता हिंमत नाही.  

शनिवारी हे तुम्हाला आणायला येताहेत. येणार नाही, असं म्हणू नका. रागावूनच या, पण या.

तुम्ही समोर उभ्या राहून बोलेपर्यंत जिच्या घशाखाली घास उतरणार नाही, ती
तुमची रुचिका