साडेसहा सेकंदांची लाट

१४ नोव्हेंबर, सापगाव

प्रकल्पाच्या सरांना 'ठीक आहे' असा अहवाल पाठवून आठ दिवस झाले आणि आज शंका आलीय.

झालं असं. जेवताना आबा लॅपटॉपवर डोकावले. लाटांवर वरखाली होऊन वीज काढणारा आमचं लोखंडी पिंप, समुद्रतळाशी दोरानं बांधलेलं, पडद्यावर चार मीटरच्या लाटांत नाचत होतं. "सगळ्या मोठ्याच लावल्यास. बारक्या लाटा कुठायत?" मी म्हटलं, मोठ्या सोसल्या की बारक्या सोसतंच. "तसं नसतं गो. खाचराचा बांध खेकड्याच्या बिळानं फुटतो, पुराचं नुसतं नाव होतं."

हसले मी. पण बारक्या लाटा मी गाळल्यात हे खरंय. कॉम्प्युटरचा वेळ वाचवायला!

१५ नोव्हेंबर

बारक्या लाटा लावून चालवून पाहिलं. एक मीटरची लाट, दर साडेसहा सेकंदांनी. पिंपाची झुलायची लयही तेवढीच — झोक्याला वेळेवर हात लावत राहावं तसं. दोरावर त्याच्या ताकदीच्या दीडपट ताण. तीनदा चालवलं. तेच.

येत्या गुरुवारी पिंप खऱ्या समुद्रात जाणार. मोजमापं घ्यायला दिपेश दिवसभर त्यावर बसणार. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावरचा दिपेश.

१६ नोव्हेंबर

सरांना फोन केला नाही. भ्याले.

१७ नोव्हेंबर

केला. साईनाथ सरांनी सगळं ऐकलं. मग, "अकरा दिवसांपूर्वी तूच ठीक म्हणालीस ना?" हो, मीच. "बोट ठरलीय, पिंप जाणार. माणूस चढवायचा नसेल तर तसं लिहून दे, तुझ्या सहीनं. दोर टिकला तर ह्या कामावर तू नसशील."

लिहून दिलं. आबांना अजून सांगितलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

दिपेश भडकला. "दोन वर्षं ह्या दिवसाची वाट बघितली, नि तू मला काठावर बसवतेस?" आबांचं खेकड्याच्या बिळाचं सांगायला गेले तर म्हणाला, "समुद्र काय तुमचं भाताचं खाचर हाय?" फोन ठेवला.

दोर तुटावा असं मनात येतं. मग स्वतःचीच लाज वाटते. पिंप आम्हा सगळ्यांचंच आहे. जेवण गेलं नाही. आबा विचारत होते, बरं नाय का गो?

२० नोव्हेंबर

समुद्र शांत, लाटा जेमतेम कमरेएवढ्या. अकराला दोर तुटला, पिंप उलटं झालं. दिपेशनं काठावरून मेसेज केला. खाली एवढंच — "आबांना सांग, बीळ सापडलं."