सगुणेच्या पेजेतलं मीठ

३ एप्रिल १८८६, कोलशेत

सुटलो एकदाचा ठाण्याच्या त्या कोंदट बिऱ्हाडातून! मिठागराच्या मालकाने काढलेल्या दवाखान्यात आज डॉक्टर म्हणून रुजू झालो. कौलारू खोली, समोर खाडी, बांधावर मिठाच्या राशी. घरमालकीण नाही, कटकट नाही. स्वयंपाक माझा मीच करणार. कंपाउंडर विश्राम बरा आहे, पण न विचारता बोलतो. झाडलोटीला गोदा नावाची म्हातारी येते. तिची लेक सगुणा मिठागरात राबते.

९ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. पायांत गोळे आले म्हणून रोज दोघेतिघे येतात; निम्मे ढोंगी. विश्राम म्हणतो, घामावाटे अंगातलं मीठ जातं, पेजेत मीठ घालून पाजलं की गोळे उतरतात. पण चिमूटभर मीठही घरी न्यायची बंदी. मिठागर मालकाचं, पण मीठ सरकारचं, फाटकावर शिपाई पदर झटकायला लावतो. दिवसभर मीठ ओढायचं आणि अळणी पेज प्यायची. मी विश्रामला सुनावलं, तू औषधं कुटत जा, मला विद्या शिकवू नकोस.

१४ एप्रिल

आज डोक्यात तिडीकच गेली. भर दुपारी सगुणेला उचलून आणलं. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट, बोटं वाकडी, तोंडी एकच धोशा, मीठ द्या. औषध पाजलं तर थुंकली माझ्या कोटावर! नवा कोट! गोदा पाया पडून सांगत होती, पोर वेडी नाही, तिला मीठ घालून पेज द्या. माझा मिठाचा डबा समोर फळीवर होता. दिलं नाही. चारचौघांत एका झाडूवालीचं ऐकायचं? दाखला लिहिला: ‘सारखी मीठ मीठ ओरडते. वेड.’ दोरीने बांधून तिला मुंबईच्या वेड्यांच्या इस्पितळाकडे गाडीतून रवाना केलं.

१५ एप्रिल

सगुणा वाटेतच, ठाण्याच्या अलीकडे गाडीत गेली. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, धास्तावलोही. पण दाखला बरोबरच होता. गोदा झाडून गेली.

१८ एप्रिल

आमटी अळणी. दोनदा मीठ घातलं तरी अळणीच. डब्यातलं मीठ जिभेवर ठेवलं, तर नुसती वाळू. विश्रामला चाखायला दिलं, त्याला खारट लागलं! दारापासून फळीपर्यंत पावलांचे ठसे आहेत, वाळून पांढरे झालेले. ठशांतली बोटं वाकडी.

२१ एप्रिल

दोन्ही पोटऱ्यांत गोळे. ओरडलो. लाज वाटली, तरी ओरडलो. गोदाला म्हटलं, बाई, मूठभर मीठ आण कुठून तरी. ती केरसुणी टेकून उभी राहिली. म्हणाली, मीठ सरकारचा हाय, डाक्तर. मग म्हणाली, तुमच्या वाट्याचा माझी सगुणा खाते, तिचा पोट भरू दे.

२३ एप्रिल

दिसली. भर दुपारी. फळीपाशी, पाठमोरी, मनगटांना दोरी तशीच – मूठमूठ मीठ तोंडात – कचकच ऐकू येत होतं. विश्रामला दाखवलं. त्याने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरसाठी माणूस धाडला.

२४ एप्रिल

बोटं वळतात – लिहवत नाही –

नवा डॉक्टर आला. मी सांगितलं, मला वेड नाही, मीठ हवंय. औषध पाजलं, तोंडातून उडालं. त्याच्या कोटावर –

विश्रामला म्हटलं, अरे, सांग ना त्याला पेजेचं! तो म्हणाला, साहेब, मला कुठली विद्या.

बाहेर गेलेत दोघे. दाखला टेबलावरच. शाई ओली. ‘सारखा मीठ मीठ –’

दारात गाडी. गोदा दोरी उलगडतेय – गाडीत कुणीतरी आधीच बसलंय. पाठमोरं. सरकून मला जागा कर