चिंचेखालचा थांबा

प्रिय मंजुश्री,

रविवारी तू बेळगावहून येऊन माझ्या हातात डेपोत द्यायचा, तू कन्नडात लिहिलेला माफीचा कागद ठेवलास आणि म्हणालीस, आप्पा, सही करून टाका, रिटायर व्हायला दोनच महिने राहिलेत. कागद मी ठेवून घेतला. तू वकिलाच्या ऑफिसात काम करतेस, तोंडानं वाद घातला तर मी हरणारच. म्हणून लिहून सांगतो.

गावाबाहेरनं बायपासचा रस्ता झाला आणि डेपोतून हुकूम आला, की माझी निपाणी-चिकोडीची बस आपल्या गावात न्यायची नाही, बाहेर फाट्यावरच थांबवायची. दहा मिनिटं वाचतात म्हणे. वाचतात, खरं आहे. पण त्या फाट्यावर ना झाड ना शेड. पहिल्या दिवशी मी हुकूम पाळला. पाऊस लई होता. बिड्या वळणारी गुणाबाई आणि तिच्या सोबतिणी कारखान्यात द्यायच्या बिड्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर चालत आल्या. वरनं प्लास्टिक झाकलेलं, तरी बिड्या दमटल्या. कारखान्यात गुणाबाईची टोपली नाकारली, वळायला पुढची पानं-तंबाखूही दिली नाही. परतीला ती तीच टोपली मांडीवर घेऊन माझ्या मागच्याच सीटवर बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी गावातून नेतो. चिंचेखालच्या जुन्या थांब्यावर थांबतो, टोपल्या माझ्या शेजारी इंजिनवरच्या बॉनेटवर ठेवून घेतो. वाटेतला चहा सोडला, गाडी वेळेवर पोचते. इंजिनच्या उबेनं बिड्या कोरड्या राहतात हे मला कुठल्या साहेबानं शिकवलं नाही, तुझ्या आईनं शिकवलं. तेव्हा तीही बिड्या घेऊन माझ्या गाडीनं जायची; तिनं न विचारता टोपली बॉनेटवर ठेवली आणि वर मलाच सांगितलं, ब्रेक जपून मारा. लई राग आलता मला. पुढं तिच्याशीच लग्न केलं, ते सोड. त्याच टोपलीच्या कमाईवर तू शिकलीस गं.

आता हुकूम मोडला म्हणून डेपोतून मेमो आलाय. माफी लिहून दिली तर मिटतं, नाहीतर सस्पेंड करतील. तुझी भीती खोटी नाही, मलाही वाटते. पण चूक केली असं लिहू कसा? चूक झाली ती पहिल्या दिवशी, हुकूम पाळला तेव्हा. ती माफी मी गुणाबाईच्या दारात जाऊन मागून आलोय.

उद्या साहेबांपुढं उभं राहायचं आहे. गाडी गावातून नेली, आणि हातात स्टिअरिंग आहे तोवर नेणार, एवढंच लिहून देणार आहे. तुझा कागद तुला परत पाठवतो. घरात दुसरा कागद नव्हता असं न्हाय. मुद्दाम त्याच्याच पाठीवर हे पत्र लिहिलं, म्हणजे तो कुणाला डेपोत देता येणार नाही. उलटून बघ, तुझ्या सुरेख कन्नड अक्षरांखाली सहीची जागा कोरीच आहे. सही मी केली आहे, या बाजूला.

तुझाच,
आप्पा