तांबड्या शाईचा कागद

मालवण
७ ऑगस्ट २०२४, बुधवार दुपार

चि. सर्वेश यास जानूताईचे अनेक आशीर्वाद.

आईची तब्येत ठीक आहे. तिला अजून एवढंच सांगितलंय की तिच्या सुनेला, संचिताला, ताप जास्त म्हणून गोव्याला नेलं. ती दिवसातून चार वेळा देवापुढे नारळ ठेवते आणि तोच उचलून परत ठेवते. लावणी आटोपली. परड्यातला माड वाऱ्याने कलला होता, तो तोडून घेतला.

तू बोटीवर चढायला मुंबईत थांबला होतास, तिथून तसाच गोव्याला धावलास. रोज फोन करतेस मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "हॅलो" म्हटलंस की माझी जीभ दुसरीकडेच वळते आणि मी "जेवलास का" विचारते. पाच दिवस मी तुला हेच विचारतेय.

शनिवारी काय झालं ते मी तुला सांगितलं होतं. संचिताला शेतातून आल्यापासून ताप होता, आमच्या दवाखान्यात डॉक्टरांना लेप्टोच्या तापाचा संशय आला, धनेश ब्रदरने पेनिसिलिनची सुई दिली आणि पाच मिनिटांत तिचा श्वास कोंडला. हे सगळं खरं आहे. ब्रदरने न विचारता सुई दिली असणार, असं जे मी पुढे म्हटलं, ते खोटं. तू त्या एका वाक्यावर धनेशविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलीस. कट्ट्याच्या माहेराहून तिचे भाऊ आले, त्यांनी आवारातच त्याची कॉलर धरली. मी केसपेपरच्या खिडकीत बसून बघत होते. माझ्यापुढे रांग होती आणि मी पुढच्या माणसाचं वय विचारलं.

तिचा केसपेपर मीच काढला होता. 'औषधाची अ‍ॅलर्जी' असा एक रकाना असतो. सकाळच्या गर्दीत तो आम्ही कोणालाच विचारत नाही. नाव, गाव, वय लिहिता लिहिता हात आपोआप 'नाही' लिहून मोकळा होतो. तिच्याही कागदावर मी तसंच लिहिलं, असं तुला सांगून इथेच थांबावं असं फार वाटतंय. तेवढं तू कदाचित माफ करशील.

पण तिने मला सांगितलं होतं, सर्वेश. तापाने फणफणलेली, खिडकीच्या गजाला धरून उभी होती. म्हणाली, "वन्सं, माजो जुनो कागद काडा. दीपिकाच्या नावान आसा. तेच्यार तांबड्या शायेन लिवलला आसा."

मी म्हटलं, "ह्या घरात दीपिका कोण नाय. तुजा नाव संचिता."

मागे लोक उभे होते. मी संचिताच्या नावाने संगणकात बघितलं, काही निघालं नाही. निघणार कुठून? रकान्यात 'नाही' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. धनेश सुई भरायच्या आधी मुद्दाम खिडकीशी आला होता. "ताईनू, इचारलात मां?" म्हणाला. मी मान वर न करता हो म्हटलं.

तुझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने जे नाव लिहिलंस, ते मी सुचवलेलं. आधारकार्डावरही मीच मागे लागून बदलून घेतलं. तरी ती फोनवर "मी दीपिका" म्हणायची, पुस्तकांवर दीपिका लिहायची, आणि तू हसायचास. मला ते खुपायचं. माझं जानकी नाव पुसून सासरी सुभद्रा ठेवलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. वर्षभर लोक हाका मारायचे आणि मी मागे वळायची नाही, म्हणून मला बहिरी म्हणायचे. नवरा गेला, मी माहेरी आले, नोकरीच्या कागदावर अजून सुभद्राच आहे. जे मी सोडलं ते हिने का ठेवावं, एवढाच माझा राग होता. त्या रागापायी मी आजारी पोरीला खिडकीत उभं करून नाव शिकवत बसले.

त्याच संध्याकाळी मी जुन्या केसपेपरांचे गठ्ठे सोडले. कागद निघाला. दीपिका दत्ताराम गावडे, मु. कट्टा, वय नऊ. पेनिसिलिन देऊ नये, तांबड्या शाईने, खाली दोन रेघा. तो मी पोलक्यात घालून घरी आणला आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला. चार दिवस त्याच डब्यातले तांदूळ काढून आईला पेज करून घातली.

उद्या अकराला धनेशची चौकशी आहे. तो कागद मी तिथे ठेवणार आहे आणि वरचं सगळं सांगणार आहे. नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील. येऊ देत. तू तक्रारीतलं नाव बदल. शेजारचा चंदन उद्या पहाटे गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय, त्याच्याकडे हे पत्र आणि कागदाची झेरॉक्स देतेय. वाचून मला फोन करू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर मात्र कर, मी उचलेन.

एक काम मात्र माझ्यासाठी नको, तिच्यासाठी कर. काल तू म्हणालास, डॉक्टर सांगतात की हाका मारत राहा, पण संचिता डोळे उघडत नाही. मला ठाऊक आहे ते कसं असतं. तिच्या कानाशी जा आणि दीपिका म्हणून हाक मार. आपल्या घरात दीपिका आहे, वन्संनी सांगितलंय, असं सांग.

तिने डोळे उघडले तर आईला कळव. मला कळवायलाच हवं असं नाही.

तिच्या कागदावर 'नाही' लिहिणारी,
जानकी