बिनसोंडेच्या हत्तीची हकीकत, विहीणबाईंना

वाशी, सेक्टर नऊ,
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

सौ. मालतीबाई, म्हणजे आमच्या सांगलीच्या विहीणबाई, यांना सुचित्राचा नमस्कार. कंबर धरली आहे म्हणून उभ्यानेच केला आहे, पण मनापासून केला आहे, तेव्हा गोड मानून घ्यावा.

व्याह्यांच्या डोळ्यावरची पट्टी सुटली आणि आता त्यांना लांबच्या पाट्यासुद्धा वाचता येतात, हे जावईबापूंच्या, म्हणजे अरविंदरावांच्या पत्रातून कळलं. फार आनंद झाला. (तुम्ही मात्र जरा सांभाळून. आमच्या ह्यांनी नवा चष्मा केला तेव्हा घरी येऊन माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, तुझी तब्येत बरी आहे ना?) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? जिना कमी करा. आमच्याकडे सगळं उत्तम आहे. स्मिता मजेत आहे, लाडू खाते, शेक घेते, पडून राहते. बाळही छान आहे. नाक तुमच्याकडचं आहे हे मी पहिल्याच दिवशी मान्य करून टाकलं, म्हणजे पुढे वाद नको. आवाज कुणाकडचा ते तुम्ही बारशाला आलात की ठरवू. समोरच्या इमारतीतल्या लोकांचंही मत घेता येईल, कारण त्यांनाही तो ऐकू जातो.

आता मूळ विषय. तुमचं मागचं पत्र आलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचलं, ही माझी चूक. त्यात तुम्ही लिहिलं होतं की बारशाला आजोळहून सोनंचांदी काही नको, बाळाला कुशीत घ्यायला हातानं विणलेला एखादा हत्ती मिळाला की पुरे. तुम्ही हे आमचा खर्च वाचावा म्हणून लिहिलंत हे मला कळतं. पण विहीणबाई, वाळा घ्यायचा तर सोनाराकडे जाता येतं. हत्तीसाठी कुणाकडे जायचं? मी काही बोलायच्या आत स्मिता म्हणाली, "आई, विणशील ना गं? त्यांना इतकं आवडेल!" आणि पहिल्यांदाच बाळंतपणानंतर तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, म्हणून मी "हो, त्यात काय" असं म्हणून बसले.

त्यात काय नव्हतं ते पुढे सांगते. तुम्हाला क्रोशाची सुई म्हणजे सहावं बोट आहे. लग्न ठरवायला आम्ही सांगलीला आलो तेव्हा तुमच्या घरी रेडिओला झालर, झालरीवर रुमाल, तांब्यावर जाळीचं झाकण, टीव्हीला अंगरखा, असा सगळा थाट पाहून मी सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. मागे टेकले असते तर सोफ्याच्या जाळीतले तुमचे मोर पाठीला उमटले असते. (हे मात्र परतताना गाडीत म्हणाले की जरा वेळ अजून बसलो असतो तर मलाही कव्हर घातलं असतं. मी त्यांना गप्प केलं होतं.) मी आयुष्यात बटणं लावली आहेत, फॉल लावले आहेत, एकदा ह्यांची सुटलेली चप्पलही शिवली आहे. पण क्रोशा नाही.

पहिली अडचण लोकरीची. आमच्या वाशीत रस्ते रुंद आहेत, झाडं लावून ठेवली आहेत, भाजीपाला ट्रकने उतरतो, पण लोकर नाही. दुकानदार म्हणाला, इथे थंडीच पडत नाही तर लोकर कुणाला विकू? दादरला जायचं तर बाळंतिणीला आणि बाळाला टाकून कशी जाणार? तेव्हा मी कपाटातला ह्यांचा करडा स्वेटर काढला. तो त्यांनी दिल्लीला ट्रेनिंगला गेले होते तेव्हा घेतलेला. वाशीत त्याचा उपयोग वर्षाकाठी मोजक्या सकाळी, तोही दूध आणायला जाण्यापुरता. रंग हत्तीचाच होता. मी तो उसवला. उसवलेली लोकर इतकी कुरळी निघाली की गुंडाळी करताना ती हातातून उड्या मारत होती. चार दिवसांनी सकाळी जरा गारठा पडला आणि हे कपाटापुढे उभे राहून हँगर मागेपुढे करू लागले. मी सांगितलं की तुमचा स्वेटर नातीला दिला आहे. ते म्हणाले, "तिला मोठा होईल." मी म्हटलं, नाही होणार.

शिकवायला आमच्या शेजारच्या दारातली जयमाला मिळाली. तिचं माहेर महाडकडचं, ती इथल्या शाळेत शिकवते, आणि तिच्याकडे बायकांच्या एका जुन्या मासिकात नेमका हत्ती निघाला. मला वाटलं काम झालं. जयमालाने साखळी दाखवली, मुका खांब नावाचा टाका दाखवला, गोल कसा फिरवायचा ते दाखवलं, आणि "काकू, तुमी टेन्शन घेऊ नका, हात आपोआप बसतो" असं म्हणाली. माझा हात बसला, पण भलत्याच ठिकाणी. गोल वाढवत न्यायचा असतो हे मी विसरले, तर हत्तीच्या पोटाची वाटी झाली. उसवलं. मग आठवणीने वाढवत गेले, तर त्याला सुरवारीसारख्या चुण्या पडल्या. पुन्हा उसवलं. डोकं मात्र एका दमात जमलं. फक्त ते इतकं मोठं झालं की ह्यांनी ते सहज म्हणून डोक्यावर घातलं, कानापर्यंत खाली ओढलं आणि आरशात बघून म्हणाले, आता माझी तक्रार नाही. त्यांच्या डोक्यावरून ते काढून घ्यायला मला आणि जयमालाला दोघींना मिळून ओढावं लागलं.

मग ह्यांनी लक्ष घातलं. तुम्हाला ठाऊकच आहे, हे न्हावा शेव्याच्या बंदराच्या कामावर नकाशे काढतात. बंदर अजून कुठे दिसत नाही, चिखल दिसतो आणि नकाशे दिसतात. रोज जासईवरून धूळ खात घरी येतात आणि हात धुतले की पुन्हा पट्टी घेऊन बसतात. त्यांनी मोठ्या कागदावर हत्ती काढला. वरून दिसणारा हत्ती, समोरून दिसणारा हत्ती, बाजूने दिसणारा हत्ती आणि मधोमध कापलेला हत्ती. हा शेवटचा स्मिताने पाहिला आणि किंचाळली. त्यांचं म्हणणं असं की भार कुठे पडतो ते कळल्याशिवाय काहीही उभं करू नये. मी विचारलं, बाळ त्याला कुशीत घेणार आहे की त्याला जहाज बांधणार आहे? तरी त्यांच्या नकाशाबरहुकूम चारी पाय विणले. हत्ती उभा राहिला, जरा विचार केला आणि तोंडावर पडला. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी टाक्यांबद्दल बोलणं टाळलं.

भरायचं काय, हा पुढचा प्रश्न. ह्यांनी कामावरच्या वर्कशॉपमधून मागून पिशवीभर कापूस आणला, यंत्रं पुसायचा. दिसायला पांढरा होता. भरला, शिवला, बाळाशेजारी ठेवला, आणि बाळाने असं नाक मुरडलं (तुमच्याकडचं) की जवळ जाऊन पाहिलं तर हत्तीला डिझेलचा वास! सगळा उपसून काढला. मग मी माझी सावरीच्या कापसाची उशी फोडली. दार लावलं, खिडक्या लावल्या, शेजारी परात घेऊन बसले, सगळं नीट केलं. तेवढ्यात हे आत आले, "काय उकडतंय" म्हणाले आणि पंखा लावला. विहीणबाई, सावरीचा कापूस खाली बसत नाही हो. तो वरणात गेला, तुळशीवर गेला, देवांवर गेला, ह्यांच्या भुवयांवर बसला. बाळ तेवढं डोळे मोठे करून छताकडे बघत होतं, इतकं गप्प ते जन्मल्यापासून पहिल्यांदाच झालं असेल. स्मिताही हसली. मग हसता हसता रडायला लागली. कापूस डोळ्यात गेला म्हणाली.

अशा रीतीने हत्ती भरला गेला, आणि मी तो गॅलरीत उन्हाला ठेवला. तिथे तो आमच्या सुंदराबाईच्या दृष्टीस पडला. सुंदराबाई म्हणजे वाशीगावातली आमची मासळीवाली. टोपली उतरवून तिने त्याला उलटसुलट केलं, त्याचे कान ताणून बघितले आणि मला म्हणाली, "बाय, ह्यो पाकट कोनी विनला?" पाकट म्हणजे तो चपटा, पंख पसरलेला मासा, हे तुम्हाला सांगलीत माहीत नसेल. मी म्हटलं, अहो हत्ती आहे. ती म्हणाली, "हत्ती हाय तर सोंड कुटं हाय?"

आणि इथेच घोडं, म्हणजे हत्ती, अडला आहे. जयमालाच्या मासिकात सोंडेचा भागच नाही. त्या पानाच्या मागे लिंबाच्या लोणच्याची कृती होती, ती कुणीतरी कात्रीने कापून नेली, तिच्याबरोबर सोंड गेली. मी अंदाजाने तीन सोंडा केल्या. पहिली छत्रीच्या मुठीसारखी वर वळली. दुसरी इतकी रुंद झाली की हत्तीने बाही घातल्यासारखं दिसलं. तिसरी खरोखर छान झाली होती, पण ती लावताना मी शेपटीच्या जागी शिवली, आणि उसवताना कात्री लागून तिचा धागाच तुटला. सध्या हत्तीच्या तोंडाला एक भोक आहे, त्यातून थोडा कापूस बाहेर डोकावतो, आणि एकूण भाव असा आहे की त्याला आत्ताच कुणीतरी काहीतरी बोललं असावं.

पण काळजी नसावी. बारसं सात डिसेंबरला आहे, तोवर भरपूर वेळ आहे, आणि मी हाती घेतलेलं काम सोडत नाही. हत्ती वेळेवर तयार होईल. व्याह्यांना नमस्कार, अरविंदरावांना आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्याला माझ्या कंबरेकडून सहानुभूती.

आपली,
सुचित्रा

ता. क. बारशाच्या दिवशी चार बायकांसमोर हत्ती तुमच्या हातात आला, तर कृपा करून "हे काय?" असं विचारू नये. "अगबाई, हत्ती!" असं म्हणावं, आणि जरा पटकन म्हणावं. विणकामात तुमचा शब्द चालतो. तुम्ही एकदा हत्ती म्हटलं की पाकट म्हणायची कुणाची छाती नाही.

आणखी ता. क. ह्यांनी पाकीट बंद करण्याआधी पत्र वाचलं (वाचतातच) आणि म्हणाले, हत्तीची इतकी पानं भरलीस, पोरीचं खरं एक ओळभर तरी लिही. तर खरं असं आहे की स्मिता मजेत नाही. लाडू मी समोर उभी राहिले तरच खाते. दुपारी बाळ झोपलं की भिंतीकडे तोंड करून पडते आणि उशी ओली होते. विचारलं तर काही नाही म्हणते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिलटकरणीचं होतं असं, होईल बरी, जवळची माणसं जवळ असू द्या.

शेवटचं ता. क. हे आता जयमालाकडे गोंदाची बाटली आणायला गेलेत, तेवढ्यात लिहिते, कारण हे त्यांनाही सांगितलेलं नाही. प्रसूतीच्या वेळी मी तिचा हात धरून बसले होते. ती "आई गं, आई" करत होती आणि मी "आहे गं, इथेच आहे" म्हणत होते. शेवटी माझा हात झिडकारून ओरडली, "तू नाही गं! सांगलीच्या आई! त्या कंबर चोळतात!" नर्स हसली. मीही हसले. घरी आल्यावर नाही हसले. दोन दिवस तुमचा राग आला, खरंच सांगते. मग वाटलं, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पोरगी कळांमध्ये जिला हाक मारते, तिचा राग धरून माझ्या हाताला काय लागणार?

तेव्हा बारशाची वाट बघू नका. व्याह्यांचा डोळा बरा असेल तर याच आठवड्यात निघा. पनवेलला उतरा. तार मिळाली की हे स्टँडवर उभे राहतील. सुई आणलीत तर आणा, नाहीतर राहू दे. स्मिताला मी काही बोलणार नाही. बेल वाजली की मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाईन, दार तिलाच उघडू दे.